दगडाचे पुनर्वाचन

संहिता तीच असते, वाचन बदलते, हे आम्ही साहित्याच्या वर्गात नेहमी सांगतो. विज्ञानाच्या इतिहासातही याचा दाखला सापडतो. जर्मनीतील नर्डलिंगेन गावचे सेंट जॉर्ज चर्च ‘सुएव्हाइट’ या स्थानिक दगडाचे आहे. त्यातील वितळून काच झालेले अंश पाहून अनेक अभ्यासकांनी तो ज्वालामुखीजन्य मानला होता. खडक आघातानेही वितळतो, हे तेव्हा फारसे कोणाच्या ध्यानी नव्हते.

अमेरिकी भूवैज्ञानिक युजीन शूमेकर यांनी तोच दगड नव्याने वाचला. ॲरिझोनातील उल्काविवरात १९६० साली त्यांना व सहकाऱ्यांना कोएसाइट हे प्रचंड दाबाखाली घडणारे खनिज आढळले होते. १९६१ मध्ये शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांनी ते सुएव्हाइटमध्येही दाखवून दिले. ज्वालामुखीच्या उद्रेकात एवढा दाब संभवत नाही. सुमारे २४ किलोमीटर व्यासाचे ते खोरे आघातानेच घडले होते. आपल्या लोणारविषयीचा तसाच वादही १९७३ मध्ये आघाताच्या खुणांमुळेच निकाली निघाला.

चंद्रावरील विवरांचे वाचन शूमेकरांनी आयुष्यभर केले. आजारपणामुळे त्यांना अंतराळवीर होता आले नाही. १९९७ मध्ये ते निवर्तले. १९९९ मध्ये त्यांच्या रक्षेचा अंश मात्र चंद्रावर पोहोचला.