प्लेगचा जमाखर्च

बेळगाव-धारवाडकडच्या जुन्या घरांत माणसाचे वय सांगण्याची एक रीत होती. जन्मतारीख कोणाला ठाऊक नसे. ‘प्लेगच्या आदल्या सालचा’, ‘गाव मळ्यात राहायला गेले तेव्हा पाळण्यात होती’ एवढ्यावर हिशेब भागत असे. आपल्या मनातला प्लेग तो एवढाच: घरात उंदीर पडायचा, मग घराला कुलूप लागायचे आणि शेतात झोपड्या उभ्या राहायच्या. शाळेच्या पुस्तकातला प्लेग निराळा. तिथे रँडसाहेब, चापेकर बंधू आणि टिळकांवरचा खटला. या दोन प्लेगांच्या मध्ये एक तिसरी वही आहे, ती सहसा कोणी उघडत नाही. ती व्यापाराची वही. पुण्यात गोरे सोजीर घरात का शिरले, याचे उत्तर त्या वहीत सापडते, असे मला वाटते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका डॉक्टरला काखेत आणि जांघेत गाठी आलेले तापाचे रोगी दिसले. डॉक्टरांचे नाव अकासिओ गाब्रिएल व्हिएगस, मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. ते महापालिकेच्या स्थायी समितीत होते आणि त्यांनी तिथे सरळ सांगितले की हा प्लेग आहे. हे नाव उच्चारायला पुष्कळांची तयारी नव्हती. ‘गाठीचा ताप’ म्हणून भागत असेल तर बरे, असाच बऱ्याच जणांचा सूर होता. यात नवल नाही. बंदराच्या शहराला ‘प्लेग’ हा शब्द चिकटला की त्याच्या जहाजांना परदेशी बंदरात कोण उभे करून घेणार?

रोगही व्यापाराच्याच वाटेने आला होता. १८९४ साली तो हाँगकाँगला होता. त्याचा जंतू तिथेच येर्सिन या शास्त्रज्ञाने ओळखला. मुंबईचे सूत आणि हिंदुस्थानची अफू चीनकडे जाई, जहाजांची ये-जा रोजची. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि जिथे धान्य तिथे उंदीर. उंदराच्या पिसवेतून रोग माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले, पण तेही बरीच वर्षे कोणी मानले नाही. तोवर सरकार घरे धूत राहिले, गटारांत कार्बॉलिक ओतत राहिले, माणसांना पकडत राहिले, आणि पिसवा मात्र गोणपाटाबरोबर आगगाडीने पुढच्या गावाला जात राहिल्या.

मग शहर रिकामे होऊ लागले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे लोक निघून गेले होते. पैसेवाले बंगल्यांत आणि दूरच्या गावी गेले, गिरणगावातले कोकणी-घाटी लोक आपापल्या मुलखाला. हुंडीचा सारा व्यवहार ओळखीवर आणि पतीवर चालायचा. हुंडी पटवणारा पेढीवर नाही, त्याचा जामीन गावी गेलेला, अशी स्थिती झाली की कागदाचे वजन आपोआप कमी होते.

इथे एक सावधगिरी हवी. त्या वर्षांत मुंबईच्या नाणेबाजारात जी ओढाताण झाली ती सगळी प्लेगच्या खात्यावर लिहिणे चूक ठरेल. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या होत्या, त्यामुळे रुपयाच दुर्मीळ झाला होता. १८९६-९७ चा दुष्काळ त्यात पडला. १८९७-९८ च्या हंगामात बँक ऑफ बॉम्बेचा व्याजदर दहा टक्क्यांच्या वर गेला, त्याला ही सारी कारणे होती. रोग आधीच कमजोर असलेल्या जागी बसतो, हे शरीराइतकेच बाजारालाही लागू आहे.

पण गिरणीच्या दारात जे घडले ते केवळ प्लेगचेच. त्या काळी गिरणी कामगाराचा पगार महिन्याने होई आणि तोही मागचा थकवून ठेवून. काम सोडून गेला तर थकलेला पगार बुडाला, ही त्याच्या पायातली बेडी. प्लेगने ती बेडी तुटली. जीवच राहणार की नाही ही शंका असताना महिन्याच्या पगाराची वाट कोण बघणार? राहिलेल्या कामगारांनी रोजच्या रोज रोख मजुरी मागितली, आणि ती त्यांना मिळाली. गिरणीवाल्यांची माणसे रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून मजुरांसाठी चढाओढीने बोली लावत. शेजारच्या गिरणीने दोन आणे जास्त देऊ केले की माणूस तिकडे. मालकांच्या संघटनेने रोजंदारी द्यायची नाही असे आपसांत ठरवून पाहिले, पण चाती बंद पडत असताना असले ठराव कोण पाळतो! मुंबईच्या कामगाराने आपल्या श्रमाचा भाव स्वतः ठरवला, असे प्रसंग त्याच्या इतिहासात फार नाहीत. त्यातला हा एक, आणि तो त्याला मरीने मिळवून दिला.

वाचकांच्या डोळ्यांसमोर इथे २०२० साल उभे राहिले असेल. त्याही वेळी मजूर शहर सोडून निघाले, शेकडो मैल पायी गेले. त्यांचा भाव मात्र वाढला नाही. फरक कुठे पडला? १८९७ साली सरकारने माणसे अडवली, घरे उकरली, पण गिरण्या चालू ठेवल्या. काम होते आणि हात नव्हते, म्हणून हाताला किंमत आली. २०२० च्या मार्चमध्ये कामच थांबवले गेले. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या मानाने जवळपास चोवीस टक्क्यांनी घसरले. शेअर बाजाराचे गणित त्याहून वेगळे. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला, आणि २१ जानेवारी २०२१ ला त्याच सेन्सेक्सने पन्नास हजारांचा आकडा ओलांडला. रस्त्याने चाललेला मजूर आणि हा आकडा एकाच वर्षातले आहेत, हे पुढच्या पिढीला पटवून द्यावे लागेल.

मुंबईत आणखी एका वर्गाने सरकारला नमवले. महापालिका आयुक्त स्नो यांनी ऑक्टोबर १८९६ च्या सुरुवातीला हुकूम काढला की रोग्याला सक्तीने रुग्णालयात हलवावे. त्याच महिन्याच्या २९ तारखेला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पण स्नो खरे घाबरले ते दुसऱ्याच गोष्टीला. शहराचा मैला उचलणारे सफाई कामगार, तेव्हाच्या दप्तरी भाषेत हलालखोर, निघून गेले तर मुंबईत राहणेच अशक्य होईल, हे त्यांनी ओळखले आणि हुकूम सैल केला. ज्यांना एरवी कोणी दारात उभे करीत नसे, त्यांच्या जाण्याच्या भीतीने आयुक्ताचा कागद बदलला.

मग १८९७ च्या आरंभी हेच सरकार एवढे कठोर का झाले? इथे आपल्याला युरोपात जावे लागते. मुंबईच्या जहाजांवर भूमध्य समुद्राच्या बंदरांत बंधने येऊ लागली होती. हजच्या वाटेने रोग युरोपात येईल ही धास्ती तर जुनीच. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला युरोपीय राष्ट्रांची आरोग्यपरिषद भरली. चिंध्या, वापरलेले कपडे, कच्ची कातडी असला माल संशयित ठरला. इंग्लंडची अडचण उघड होती. हिंदुस्थानचा माल अडला तर हिंदुस्थान इंग्लंडला देणे कशातून भागवणार? ‘आम्ही कडक उपाय करीत आहोत’ हे जगाला दाखवणे भाग होते. परिषद भरण्याआधीच, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. जेमतेम चार कलमांचा कायदा. सरकारला वाटेल ते उपाय करण्याची मुभा, न मानणाऱ्याला शिक्षा, आणि या कायद्याखाली काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही असे संरक्षण. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणे बंद झाले. मार्चमध्ये मुंबईचा प्लेग जनरल गॅटेकर यांच्या समितीकडे सोपवला गेला. हाच कायदा मार्च २०२० मध्ये राज्याराज्यांतून पुन्हा बाहेर काढला गेला.

पुण्यात रँड आले ते या पार्श्वभूमीवर. आठशेहून अधिक सैनिक घरोघरी शिरले. देवघर, माजघर, चूल, काही उरले नाही. बायकांची तपासणी झाली, सामान रस्त्यावर जाळले गेले. टिळक शहरात राहिले, त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय चालवण्यास हातभार लावला आणि ‘केसरी’त या जुलमावर लिहिले. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना गेल्या. त्यांच्या मरणाने कुठल्या बाजारात काही हलले नाही.

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची रात्र. गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पुढचे आपण सारे जाणतो. दामोदर चापेकर १८९८ च्या एप्रिलमध्ये फासावर गेले, बाळकृष्ण, वासुदेव आणि महादेव रानडे १८९९ च्या मे महिन्यात. टिळकांना १४ सप्टेंबर १८९७ रोजी राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ या शब्दाचा जो ऐसपैस अर्थ लावला, तो पुढच्याच वर्षी १२४-अ कलमात दुरुस्ती करून पक्का करण्यात आला. व्यापाऱ्याची पत राखण्यासाठी उचललेले पाऊल संपादकाच्या तुरुंगापर्यंत पोचले, आणि तो तुरुंगातून सुटला तेव्हा तो सबंध देशाचा पुढारी झाला होता. चापेकरांचे धैर्य किंवा टिळकांचे तेज यात कमी होत नाही. पण रँडच्या मागे नुसता रँडचा स्वभाव पाहणारे इतिहासलेखक व्हेनिसकडे पाठ फिरवून बसतात, अशी माझी तक्रार आहे.

सक्ती मोडली ती मात्र पिस्तुलाने नव्हे. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत जुलाहा विणकरांच्या वस्तीत प्लेगचे पथक एका मुलीला तपासायला आले आणि दंगल उसळली. पाठोपाठ गोदी कामगार आणि बैलगाडीवाले संपावर गेले. बंदरात माल जागच्या जागी थिजला. ज्या व्यापारासाठी सक्ती आणली, तोच सक्तीमुळे बंद पडला, हे सरकारला दोन दिवसांत उमगले. त्यानंतर धोरण मवाळ होत गेले. घरी उपचार, जातवार रुग्णालये, आणि लस.

लसीची कथा आपल्या मुलखाला जवळची आहे. हाफकिनने १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचली. मग पोर्तुगीजांच्या ताब्यातील खालच्या दमणमध्ये मोठी परीक्षा झाली. तिथे लस घेतलेल्या २,१९७ जणांत ३६ मृत्यू झाले, न घेतलेल्या ६,०३३ जणांत १,४८२. १८९८ साली हुबळी-धारवाडकडे प्लेगने धुमाकूळ घातला तेव्हा हजारो लोकांनी टोचून घेतले. दाखला हाती असला की क्वारंटाईनची कटकट चुकत असे, हेही त्याला एक कारण. रोजगारावर जाणाऱ्याला शास्त्रापेक्षा तो कागद मोलाचा वाटला असेल, तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवालला लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिनवर ठपका आला आणि तो १९०७ पर्यंत पुसला गेला नाही. त्या १९०७ मध्येच प्लेगने देशात तेरा लाखांच्या आसपास बळी घेतले, सर्वाधिक पंजाबात. सारी साथ ओसरेपर्यंत मृतांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली होती. पण तोवर युरोपची बंदरे निर्धास्त झाली होती, त्यामुळे परिषदा आणि फौजा यांची गरज उरली नव्हती.

मुंबईत या साऱ्याचा शेवटचा हिशेब जमिनीत झाला. डिसेंबर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सरकारी आणि महापालिकेच्या जमिनी त्याला मिळाल्या, कर्जरोखे काढून पैसा उभा केला गेला. नागपाड्याची दाट वस्ती पाडली, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, हवा शहरात यावी म्हणून. हवा आली. पण सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जेवढ्या गोरगरिबांना घराबाहेर काढले तेवढ्यांना नवी घरे दिली नाहीत. ते लोक शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरले, आणि तिथली भाडी वाढली. उत्तरेला दादर, माटुंगा, शीव इथे ट्रस्टने सरळ रस्त्यांचे, झाडांच्या रांगांचे भूखंड पाडले. ते घेतले कारकून, वकील, डॉक्टर अशा मध्यमवर्गाने. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. मांडवी, जिथे व्हिएगसांना पहिले रोगी दिसले होते, ती मात्र वखारींची मांडवीच राहिली.