रोवणीची कंबर आणि हाडवैद्याचा अंगठा

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत कंबर धरते ती आषाढात. माझी आई दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून धानाचे पऱ्हे रोवायची. संध्याकाळी पाठ सरळ करायला तिला घराच्या मेढीचा आधार लागे. मग गावच्या हाडवैद्यबाबांना निरोप जायचा. मोहाच्या बियांचं तेल कोमट करून ते आधी नुसती बोटं फिरवत. दुखरी जागा सापडली की तिथे अंगठा टेकवून सावकाश दाब देत, आईचा श्वास मोकळा होईपर्यंत. मोडलेल्या हाताला बांबूच्या कामट्या बांधायचं कामही त्यांचंच.

अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये अशीच, हातांनी सांधे-स्नायू मोकळे करणारी ऑस्टिओपॅथी मांडली, १८९२ मध्ये तिची शाळा काढली. आमच्या हाडवैद्यबाबांची विद्या मात्र कागदावर आलीच नाही, याची मला खंत आहे.

पाठीच्या दुखण्याने थोरांनाही सोडलं नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांना मणक्याच्या दुखण्यामुळे बसता येत नसे. १९८५ची भारत जोडो यात्राही त्यांनी त्याच अवस्थेत केली. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावकऱ्यांच्या कंबरदुखीचा अभ्यास केला, त्यांच्या शोधग्रामात मणक्याची शिबिरं भरू लागली. कष्टकऱ्यांचं हे दुखणं कोणीतरी मोजलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आखडलेले स्नायू जाणत्या हातांनी सैलावतात. पण पाय बधिर पडला, लघवीवरचा ताबा सुटला, तर चोळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.