आठाचा गुणाकार

दिवाळीत नात वाईला आली होती. इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष, सी भाषा शिकतेय. माझ्या डेस्कटॉपवर तोच प्रोग्राम तिसऱ्यांदा टाइप करत होती, डोळे भरलेले. "आजोबा, एक ते आठचा गुणाकार किती हो?"

शाळेत गणितच शिकवले, त्यामुळे लगेच सांगितले, ४०३२०. तिच्या निळ्या पडद्यावर मात्र उणे २५२१६! सातापर्यंत बरोबर, आठाला उणे. "मला हे जमणारच नाही," म्हणाली.

दोष दुभाष्याचा होता. (विश्वकोशाच्या गावात राहतो, तरी कंपायलरला मी दुभाष्याच म्हणतो.) हा टर्बो सी, बोरलँडने १९८७ साली आणलेला. तेव्हाच्या डॉसवरच्या पीसीसाठी केलेला, म्हणून साधा पूर्णांक १६ बिटांत ठेवतो. मजल ३२७६७ पर्यंत. पुढे गेले की स्कूटरच्या किलोमीटरसारखे चक्र फिरते. ४०३२० मधून ६५५३६ वजा करून बघा!

त्या काळी हा वरदानच होता. लिहिणे, कंपाइल करणे, चुका शोधणे, सगळे एकाच पडद्यावर. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' पोरांच्या हाती असे, त्याच्या जुन्या आवृत्त्याही टर्बो सी धरूनच. प्रॅक्टिकलच्या वह्या त्यावरच बेतल्या. पुढे यंत्रे बदलली, वह्या तशाच राहिल्या. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर तो चालतच नाही, म्हणून जुने गेम खेळण्यासाठी केलेल्या डॉसबॉक्समध्ये घालून चालवतात. १९९० सालच्या मास्तरांना मी बोल लावणार नाही. आजच्यांना लावतो. असो.

गंमत म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसीही १९८७ चाच, आणि फुकट. पण तो युनिक्सच्या जगातला, आपल्याकडच्या पीसीवर डॉस. आम्ही कोडब्लॉक्स उतरवून घेतले, त्यात जीसीसी बसवलेलाच मिळतो. प्रोग्राममधले पडदा पुसण्याचे 'क्लिअरस्क्रीन' तेवढे काढावे लागले, ते टर्बो सीचे स्वतःचे. आठाला ४०३२० आले. पोरगी खूश!

बाराला ४७९००१६००. तेराला १९३२०५३५०४. उणे नाही, म्हणून ती पुढे निघाली. मी थांबवले. "यात दोन आहे, पाच आहे, दहा आहे. मग शेवटी ०४ कसे? दोन शून्ये हवीत."

तिने पेन्सिल मागितली.