आयकिडो प्रात्यक्षिके

आयकिडो या जपानी युद्धकलेतील तंत्रांच्या प्रेक्षकांसमोरील सादरीकरणास आयकिडो प्रात्यक्षिक असे म्हणतात. जपानी भाषेत यासाठी 'एंबू' ही संज्ञा आहे. अशी प्रात्यक्षिके प्रत्यक्ष मारामारीचे कितपत यथार्थ चित्र उभे करतात, हा युद्धकलांच्या क्षेत्रातील एक वादाचा विषय आहे.

इतिहास

आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१४ डिसेंबर १८८३ – २६ एप्रिल १९६९) यांनी ताकेदा सोकाकू यांच्याकडे दाइतो-र्यू या जुजुत्सू परंपरेचे शिक्षण घेतले होते. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १९३० मध्ये उएशिबांचे प्रात्यक्षिक पाहिले व त्यानंतर आपल्या काही शिष्यांना त्यांच्याकडे शिकण्यासाठी पाठविले. १९३५ मध्ये ओसाका येथे उएशिबांच्या तंत्रांचे चित्रीकरण करण्यात आले. उएशिबांचा स्पर्धांना विरोध होता. त्यामुळे ही कला लोकांसमोर आणण्याचे प्रात्यक्षिक हेच प्रमुख साधन ठरले. तोक्योतील निप्पॉन बुदोकान येथे दरवर्षी अखिल जपान आयकिडो प्रात्यक्षिक भरते.

स्वरूप

प्रात्यक्षिकात दोन भूमिका असतात. तंत्र करणाऱ्यास 'तोरी' किंवा 'नागे', तर हल्ला करून फेकला जाणाऱ्यास 'उके' म्हणतात. मनगट धरणे, हाताच्या कडेने डोक्यावर वार करणे असे हल्ले ठरलेले असतात. त्यांचा संबंध तलवारयुद्धाशी जोडला जातो. उके हवेत गिरकी घेऊन पडतो, तेव्हा ते ढोंग असल्याचे अनेकांना वाटते. मात्र 'कोते-गाएशी'सारख्या तंत्रात मनगट पिरगाळले जात असल्याने, सांध्यास इजा होऊ नये म्हणून वेळीच पडणे हे उकेचे कौशल्य असते. सुरक्षित पडण्याच्या या कलेस 'उकेमी' म्हणतात.

वास्तवतेविषयीचा वाद

टीकाकारांच्या मते उकेचे सहकार्य हाच प्रात्यक्षिकाचा मूळ दोष आहे. उके एकच सरळ वार करतो व तोल सावरण्याचा प्रयत्न करीत नाही. प्रत्यक्षात सुरा घेतलेली व्यक्ती हात झटकन मागे घेऊन पुन्हापुन्हा वार करू शकते. अशा वेळी मनगट पकडणे अत्यंत कठीण असते. प्रात्यक्षिकातील सहजता पाहून निर्माण झालेला आत्मविश्वास म्हणूनच जिवावर बेतू शकतो. १९९३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप या मिश्र युद्धकला स्पर्धेनंतर प्रतिकार करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर तंत्र पडताळून पाहण्याची अपेक्षा अधिक बळावली.

समर्थकांच्या मते प्रात्यक्षिकाचा हेतू लढत दाखविणे हा नसून अंतर, तोल व हालचालीची तत्त्वे दाखविणे हा आहे. स्पर्धेतही वजनी गट, पंच व निषिद्ध प्रहार असतात. त्यामुळे तीदेखील रस्त्यावरील मारामारीची हुबेहूब प्रतिकृती नसते, असेही ते निदर्शनास आणतात.

प्रतिकारयुक्त सराव

उएशिबा व कानो या दोघांचेही शिष्य असलेले केंजी तोमिकी (१९००–१९७९) यांनी वासेदा विद्यापीठात ज्युदोच्या धर्तीवर आयकिडोचा स्पर्धात्मक सराव विकसित केला. त्यात एक खेळाडू मऊ, नकली सुऱ्याने वार करतो व दुसरा निःशस्त्र खेळाडू तंत्र लावतो. नंतर भूमिका बदलतात. येथे प्रतिकार खरा असल्याने प्रात्यक्षिकातील डौलदार फेकी क्वचितच साधतात. ठरावीक आकृतिबंधाचा सराव ('काता') व मुक्त सराव ('रांदोरी') हे परस्परपूरक आहेत, अशी तोमिकींची भूमिका होती.