घाम, गरम, फोर्नु, थर्मामीटर : एका धातूच्या चार वाटा

१/ ‘फार गरम होतंय, घाम थांबत नाही.’ मे महिन्यात वसई-विरारच्या घराघरांत ऐकू येणाऱ्या या वाक्यातील ‘गरम’ आणि ‘घाम’ हे दोन शब्द नात्याने चुलत भाऊ आहेत. त्यांच्या मूळपुरुषाचा एकही लेख उपलब्ध नाही. मग तो ओळखायचा कसा? त्याविषयी हा धागा.

२/ ‘गरम’ हा संस्कृत ‘घर्म’चा अपभ्रंश आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. उच्चार जवळचा, अर्थही जवळचा. तरीही ही व्युत्पत्ती टिकत नाही. ‘घर्म’चे मराठीत काय झाले, हे आपल्याला माहीत आहे : घर्म > घम्म > घाम. कर्म > कम्म > काम, हीच वाट. जोडाक्षरातील र् लोपतो, स्वर दीर्घ होतो. आरंभीचा ‘घ’ मात्र टिकतो.

३/ या बदलाचा दगडावरील पुरावा आपल्याच परिसरात आहे. नालासोपाऱ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. या लेखांच्या प्राकृतात ‘धर्म’चा ‘धंम’ झालेला आहे. म्हणजे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातच र् लोपलेला होता.

४/ मग र् राखणारा आणि ‘घ’ गमावणारा ‘गरम’ कोठला? फारसीतला. इराणी शाखेत घ्, ध्, भ् यांचे ग्, द्, ब् झाले : संस्कृत भ्रातृ, फारसी बरादर, संस्कृत भूमि, फारसी बूम, तसेच संस्कृत घर्म, फारसी गर्म.

५/ आता आणखी पश्चिमेकडे. ग्रीक ‘थेर्मोस’ आणि लॅटिन ‘फोर्मुस’, दोन्हींचा अर्थ उष्ण. घ, थ, फ ही सांगड कानाला विचित्र वाटते. पण ती पुन्हा भेटते : संस्कृत ‘घ्नन्ति’ (मारतात), ग्रीक ‘थेइनो’ (प्रहार करतो), लॅटिन ‘देफेन्दो’मधला ‘फेन्दो’. नाते सिद्ध होते ते साम्यामुळे नव्हे, तर भेदातील नियमितपणामुळे.

६/ म्हणून अभ्यासक मूळ ध्वनी ओठांचा गोलावा असलेला ‘घ्व्’ मानतात आणि धातू *घ्वेर् असा लिहितात. तारांकनाचा अर्थ : हे रूप लिखित स्वरूपात कोठेही सापडलेले नाही, ते अनुमानाने उभे केले आहे.

७/ स्वर कसा ठरला? मूळचे ऱ्हस्व ए, ओ, अ हे तिन्ही संस्कृतात ‘अ’मध्ये मिसळले. पण खूण उरली. वेदांत उष्णतेसाठी ‘घर्म’ आहे, तसाच ‘हरस्’ही आहे. ग्रीकमध्ये ‘थेरोस’ म्हणजे उन्हाळा. जेथे मुळात ‘ए’ होता तेथे घ् चा ह् झाला, ‘ओ’ होता तेथे घ् राहिला. हा नियम १८७० च्या दशकात उलगडला आणि संस्कृत ही ग्रीक-लॅटिनची आई नसून बहीण आहे, हे अधिक स्पष्ट झाले.

८/ अर्थही प्रवास करतो. वैदिक प्रवर्ग्य विधीत तापवलेल्या दुधाच्या पात्राला ‘घर्म’ म्हणत. हिंदीत ‘घाम’ म्हणजे ऊन. मराठीत कारण मागे पडले, परिणाम उरला : उष्णतेने येणारा तो घाम.

९/ वसईत १५३४ ते १७३९ पोर्तुगीज अंमल होता. त्यांच्या भाषेत भट्टीला ‘फोर्नु’ म्हणतात. तो लॅटिन ‘फुर्नुस’चा, म्हणजे याच धातूचा वंशज. गोव्यातील पोदेरांची पावाची भट्टी आजही ‘फोर्न’च. पुढे इंग्रजीतून ग्रीक ‘थेर्मोस’ला घेऊन थर्मामीटर आला.

१०/ ‘घाम’ वारशाने आला. बाकीचे दरबारातून, गलबतातून, दवाखान्यातून आले. चौघांचे कूळ एक, वाटा चार. केवळ कूळ सांगितले तर फारसी, पोर्तुगीज आणि इंग्रजी संपर्काची शतके पुसली जातात. केवळ वाट सांगितली तर ‘गरम’ परका ठरतो. शब्दाच्या इतिहासात दोन्ही सांगावे लागते.

पुढील धागा ‘ताप’ या शब्दावर. तोवर लॅटिन ‘तेपिदुस’ (कोमट) शेजारी ठेवून पाहा.