सोलापूरचा लष्करी कायदा आणि नागरिकांचे मूलभूत हक्क

हातांत असलेल्या हक्कांची किंमत माणसास सहसा कळत नाहीं. सोलापूर शहरास ती इ. स. १९३० च्या उन्हाळ्यांत कळली.

त्या वर्षीं ६ एप्रिल रोजीं सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगी निशाण फडकलें. ५ मे रोजीं महात्मा गांधींस अटक झाली आणि गिरण्यांच्या या शहरांत हरताळ पडला. ८ मे रोजीं रूपाभवानीच्या बाजूस शिंदीचीं झाडें तोडण्यावरून पोलिसांशीं चकमक उडाली. गोळीबारांत शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला. खवळलेल्या जमावानें मंगळवार पेठेंतील पोलीस चौकीवर चाल केली व त्यांत पोलीस शिपाईही मारले गेले. तें झांकण्याचें कारण नाहीं. पुढें दोनतीन दिवस शहराची व्यवस्था स्वयंसेवकांनींच पाहिली.

१२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत टिकला. जें निशाण महिन्यापूर्वीं नगरपालिकेवर डौलानें फडकत होतें, तें बाळगणें आतां अपराध झाला. व्हाइसरॉयनें मागाहून वटहुकूम काढून या अंमलावर कायद्याचें पांघरूण घातलें. आधीं शिक्षा व मग कायदा, असा हा उलटा क्रम! मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांवर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवण्यांत आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास त्यांना फांशी देण्यांत आलें.

त्याच वर्षीं मार्चमध्यें कराचीच्या काँग्रेसनें मूलभूत हक्कांचा ठराव केला. ऑगस्टांत मुंबईस तो सुधारण्यांत आला. त्यांत भाषण, संघटना व सभा यांच्या स्वातंत्र्याबरोबर फांशीची शिक्षा नसावी असेंही कलम होतें. भारताच्या घटनेनें तें कलम घेतलें नाहीं. बाकीचें बरेंचसें घेतलें: १९ व्या अनुच्छेदांत भाषण व सभा, २१ व्यांत जीवित, २२ व्यांत अटकेचें कारण कळण्याचा व वकील देण्याचा हक्क. ३२ व्या अनुच्छेदानें तर थेट सर्वोच्च न्यायालयाचें दार उघडलें. हक्क नुसते लिहून ठेवले असते तर ते कागदावरच राहिले असते.

परंतु ३४ वा अनुच्छेद फारसा कोणी वाचीत नाहीं. लष्करी कायदा चालू असलेल्या प्रदेशांत सुव्यवस्थेसाठीं केलेल्या कृत्यांबद्दल सरकारी नोकरांस संसद अभय देऊं शकते, तेथील शिक्षाही कायदेशीर ठरवूं शकते, असें तो सांगतो. सोलापूरकरानें तरी तो वाचावा. १९३० सालचें तें पांघरूण घटनेंतही घडी करून ठेवलेलें आहे. फरक इतकाच कीं, आतां तें एकट्या व्हाइसरॉयच्या हातीं नसून निवडलेल्या प्रतिनिधींच्या हातीं आहे. तो फरक लहान नव्हे, पण पुरेसा आहे असेंही म्हणवत नाहीं. १९७५ च्या आणीबाणींत न्यायालयाचें दार बंद झालेंच होतें. त्यानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें २० व २१ या अनुच्छेदांची दाद आणीबाणींतही बंद करतां येणार नाहीं असें ठरलें.

आणि तें निशाण? स्वतंत्र भारतांतही सामान्य नागरिकास तें आपल्या घरावर वर्षभर लावण्याची मोकळीक नव्हती. आदरपूर्वक राष्ट्रध्वज फडकविणें हा १९ व्या अनुच्छेदांतील हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं दिला.