गावरान कोंबडी व कळपसुधारणा (चंद्रपूर–गडचिरोली)

पूर्व विदर्भातील चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलव्याप्त जिल्ह्यांत घरोघरी परसात वाढणारी देशी कोंबडी, आणि तिचे अंगचे गुण राखून कळपाची प्रत वाढवण्याची रीत. गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला. कोंबडीच्या बाबतीत मात्र वैनगंगेच्या दोन्ही काठांवरचा धानपट्टा एकच आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी, चामोर्शीची धानाची गावे, एटापल्ली–भामरागडकडचे माडियांचे टोले, जिवतीच्या डोंगरावरचे कोलाम गुडे, सगळीकडे दारात थोड्या कोंबड्या असतातच. दाणापाणी, राखण आणि विक्री बहुतेक बायकांच्या हाती असते. मीठ-तेल, औषध, शाळेची वही अशा अडीअडचणीला आठवडी बाजारात एखादा कोंबडा विकला जातो. ज्या घरी कोंबडी नाही त्याला एखादी कोंबडी अर्ध्या वाट्याने पाळायला देतात आणि पिल्ले वाटून घेतात.

या पक्ष्याला जात म्हणून वेगळे नाव नाही. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या नोंदीत महाराष्ट्राशी जोडलेली कोंबडी म्हणजे नंदुरबारकडची, गुजरातच्या सीमेवरची बसरा. या जंगलपट्ट्याची, म्हणजे झाडीपट्टीची, कोंबडी त्या यादीबाहेर राहिली. नोंद नाही म्हणून तिला ‘बिनजातीची’ समजून बदलून टाकण्याची घाई अनेक योजनांनी केली आणि त्यात बरेच नुकसान झाले. पिढ्यान्‌पिढ्या याच उन्हात, याच जंगलाच्या कडेला जे पक्षी जगले त्यांचेच रक्त पुढे आले आहे. हलके अंग, बळकट पाय, झाडावर चढून रात्र काढण्याची सवय, शिकऱ्याची सावली पडताच पिल्लांना पंखाखाली घेणे हे सारे त्या निवडीचे फळ होय. रंग लाल, काळा, पांढरा, करडा, ठिपकेदार असा मिश्र असतो. ही सरमिसळ पाहून बाहेरच्या माणसाला कळप निकृष्ट वाटतो; पण परसातल्या पक्ष्याला भुईच्या रंगात मिसळून जाता येणे उपयोगी पडते. शिवाय गोंड व माडिया कुटुंबांत पेन म्हणजे कुळदेव आणि पंडुम म्हणजे सण यांच्यासाठी ठराविक रंगाचा पक्षी लागतो. एकाच रंगाचा कळप या घरांच्या कामाचा नाही.

रानातील नाते : पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडी रानकोंबडी. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तिचे माणसाळणे नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमारच्या पट्ट्यातील उपजातीकडे नेऊन ठेवले. भारताचा वाटा त्यात वेगळ्या वाटेने येतो. पिवळ्या कातडीचे आणि पिवळ्या पायांचे जनुक करड्या रानकोंबडीकडून पाळीव कोंबडीत आले, हे 2008 मध्ये दिसून आले, आणि करडी रानकोंबडी केवळ भारतीय द्वीपकल्पातील पक्षी आहे. तांबडीचा मुलूख उत्तर-पूर्वेकडचा, करडीचा दक्षिण-पश्चिमेकडचा. दोन्हींची सीमा गोदावरीच्या खोऱ्यात येते. म्हणजे हे जिल्हे या दोन्ही मुलखांच्या सांध्याजवळ आहेत. पाळीव कोंबडी आणि तांबडी रानकोंबडी यांचा संकर सहज होतो. करडीशी झालेल्या संकराची पिढी बहुधा नीट चालत नाही. रानातला नर धरून कळपात ‘नवे रक्त’ आणण्याचा मोह मात्र टाळायचा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार तो गुन्हा आहे, आणि पाळीव रक्त रानात गेल्याने रानकोंबडीचे शुद्ध वाणही बिघडते.

उत्पादन आणि त्याचा खरा हिशेब : देशी कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 70 अंडी देते, अंडे सुमारे 40 ग्रॅमचे. पोल्ट्रीतली अंड्याची कोंबडी 300 च्या आसपास अंडी देते, म्हणून ही तुलना नेहमी पुढे केली जाते. ती चुकीच्या जागी केलेली तुलना आहे. गावरान कोंबडी डझन-दीड डझन अंडी घालते, खुडूक बसते, 21 दिवस अंडी उबवते आणि पुढे दोन-तीन महिने पिल्ले घेऊन फिरते. या काळात तिचे अंडी घालणे बंद असते. वर्षातून असे तीन-चार फेरे होतात. म्हणजे उबवण यंत्र, ऊब देणारा दिवा आणि राखणदार ही तिन्ही कामे ती विनावीज, विनापगार करते. भामरागडच्या पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन रस्ता तुटतो तेव्हा पिल्ले पुरवणारी गाडी येत नाही. खुडूक कोंबडी घरातच असते.

त्यामुळे इथे सुधारणेचे पहिले माप अंडी नसून जगलेली पिल्ले हे आहे. समजा, 12 अंडी ठेवली, 10 पिल्ले निघाली आणि तीन महिन्यांनी तीनच उरली. ती सहा उरली तर कळप दुप्पट वेगाने वाढतो, आणि त्यासाठी जात बदलावी लागत नाही. पिल्ले मरतात ती पहिल्या महिना-दीड महिन्यात : मुंगूस, रानमांजर, घार, कावळा, पावसात भिजणे, आणि रोग. बांबूचे डालगे उपडे घालून दिवसाचा काही वेळ पिल्ले आईसह झाकून ठेवणे, धानाची कणी व वाळवी आतच देणे, रात्री जमिनीपासून उंच, फटी बुजवलेल्या खुराड्यात घेणे एवढ्याने फरक पडतो. बांबू इथे मुबलक आहे, वारुळे आहेत, कणी आणि कोंडा धानगिरणीत मिळतो. वाळवीतून पिल्लांना प्रथिने मिळतात आणि बाजारच्या खाद्याचा खर्च वाचतो. मोठ्या कोंबड्या आपले अन्न बहुतांशी हिंडूनच मिळवतात. त्यांना बांधून ठेवले की नफा खाद्यातच जातो.

उबवणीचा काळ नीट निवडणे हे दुसरे काम. चंद्रपूर देशातील सर्वांत तापणाऱ्या शहरांपैकी एक असून मे महिन्यात पारा 46–47 अंशांवर जातो. अंड्यातला जीव साधारण 25–27 अंशांच्या वरच अर्धवट वाढू लागतो आणि मध्येच मरतो. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस टोपलीत साठवलेली अंडी म्हणूनच उबत नाहीत. दोष कोंबड्याचा नसतो. उबवणीची अंडी ओलसर वाळूच्या मडक्यावर गार जागी ठेवावी, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या आतली घ्यावी, फार लहान, लांबुळकी किंवा तडकलेली काढून टाकावी. सातव्या दिवशी अंधारात विजेरीपुढे धरून लाल शिरांचे जाळे न दिसणारी अंडी बाजूला करावी. शरद आणि हिवाळा हा पिल्ले काढायचा उत्तम काळ. धान कापणीनंतर खळ्यावर दाणे सांडलेले असतात आणि उन्हाळ्यापर्यंत पिल्ले अंगाने भरतात.

निवड : कळप खालावण्याचे मोठे कारण रोगाइतकेच विक्रीच्या पद्धतीत आहे. व्यापारी आणि पाहुणा दोघांनाही सर्वांत मोठा कोंबडा हवा असतो. देवालाही धडधाकट पक्षीच देतात. परिणामी सर्वांत लवकर वाढलेला नर सहा-आठ महिन्यांत घराबाहेर जातो आणि मागे उरलेले खुरटे नर पुढच्या पिढीचे बाप होतात. ही उलटी निवड वर्षानुवर्षे चालते आणि मग ‘आपली कोंबडीच लहान’ असे म्हटले जाते. उपाय साधा पण मनाला जड आहे : सर्वांत चांगला नर विकायचा नाही. त्याच्या पायाला खुणेची दोरी बांधावी, त्याच्या भावंडांत जास्त जगली असतील तर तो पहिला पसंत करावा, आणि त्याच्यापासून तलंगांची एक पिढी मिळेपर्यंत ठेवावा. एका नरामागे आठ-दहा माद्या पुरतात.

मादी निवडताना वजनापेक्षा तिचा इतिहास बघायचा. किती अंडी ठेवली, किती फुटली, किती पिल्ले वाढवली, हे गावातील बायकांना तोंडपाठ असते; कळपाची नोंदवही त्यांच्या स्मरणातच असते, आणि सुधारणेचे काम पुरुषांच्या बैठका घेऊन सुरू केले तर ही माहिती हाती लागत नाही. अंडी सोडून उठणारी, स्वतःची अंडी फोडून खाणारी, पिल्ले वाऱ्यावर टाकणारी कोंबडी दिसायला देखणी असली तरी तिची अंडी उबवणीला ठेवू नयेत. अशा कोंबडीची चांगली अंडी दुसरीखाली ठेवून पाहणे हे यावर उत्तर नव्हे, कारण तोच दोष पुढे चालतो.

एकाच घरातला नर वर्षानुवर्षे राहिला की बाप-लेक आणि भावंडांचा संकर होतो. दोन्हींत पहिल्याच पिढीत अंतःप्रजननाचे प्रमाण 25 टक्क्यांवर जाते. अंडी कमी फुटतात, पिल्ले दुबळी निघतात. एका गावातील तीन-चार टोल्यांनी मिळून माद्या आपापल्या घरी ठेवायच्या आणि निवडलेले नर दरवर्षी एका दिशेने पुढच्या टोल्याला द्यायचे, ही पद्धत कागदाशिवायही चालते. नवा नर आल्यावर निदान तीन आठवडे वेगळा बांधावा.

बाहेरचे रक्त : हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा (वर्षाला सुमारे 100–110 अंडी) व ग्रामप्रिया (160–180), बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची असील-संकरित निर्भीक आणि कडकनाथ-संकरित श्यामा हे वाण परसासाठीच तयार झाले. त्यांची वाढ आणि अंडी खरोखर अधिक आहेत. ज्या घरी बाजार जवळ आहे, पिल्ले दरवर्षी विकत घेता येतात, तिथे ती ठेवावीत. पण त्यांच्यात खुडूक बसण्याची वृत्ती कमी केलेली असते आणि त्यांची पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही. जंगलातल्या टोल्यावर ती एक हंगाम दिसतात आणि संपतात. मधला मार्ग म्हणजे कळपात बाहेरचा नर एकदाच आणणे आणि पुढे त्याच्या मुलींपैकी खुडूक बसणाऱ्याच राखणे.

असीलचे रक्त दक्षिण गडचिरोलीत सरकारी योजनेविना आले, कारण त्याचा मूळ मुलूख लगतच्या आंध्र-तेलंगण आणि बस्तरकडचा. उंच पाय, आखूड तुरा, ताठ मान, चार-पाच किलोपर्यंतचा नर, आणि चांगली उबवणारी, पण थोडीच अंडी देणारी मादी. हे रक्त इथे येण्यामागे कोंबडबाजाराचा हात आहे. पायाला काती बांधून पैशाच्या पैजेवर कोंबडे लढवणे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 खाली गुन्हा आहे, आणि पैदाशीच्या दृष्टीनेही ते घातक आहे : उत्तम नर जखमांनी मरतात आणि आक्रमकपणा हाच निवडीचा निकष होतो. असीलचे वजन आणि काटकपणा हवा असेल तर शांत स्वभावाचा नर घ्यावा.

कडकनाथ मध्य प्रदेशातील झाबुआ भागातला; तेथील कडकनाथच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे काळे कातडे आणि मांस प्रबळ जनुकामुळे असल्याने संकरातही बराच काळेपणा उतरतो. काळा रंग म्हणजे शुद्ध वाण, ही खूण त्यामुळे फसवी आहे. 2019 मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ पालनाच्या करारात हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. पक्ष्यात दोष नव्हता; पिल्ले महाग विकून मोठ्या कोंबड्या परत घेण्याचे आश्वासन पोकळ होते.

रोग : मानमोडी अर्थात राणीखेत हा सर्वांत मोठा शत्रू. 1927 मध्ये कुमाऊँतील राणीखेत येथे तो आढळला म्हणून भारतात हे नाव रूढ झाले. एकदा गावात शिरला की आठवड्यात अंगणे रिकामी होतात आणि अनेक वर्षांची निवड एका फटक्यात जाते. लसीकरणाविना पैदाशीचे काम सुरू करणे निरर्थक आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात लासोटा लसीचा थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली आर-टू-बी लस, एवढे पुरते. खरी अडचण कुपीची आहे : एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात, ती बर्फात आणावी लागते आणि पाण्यात मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. सात-आठ पिल्लांच्या घरासाठी कोणी कुपी फोडत नाही. म्हणून टोल्यातील घरांनी एकाच दिवशी, पहाटे कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी लस टोचून घेणे हाच मार्ग. सोनापूर (गडचिरोली) व सिंदेवाही येथील कृषी विज्ञान केंद्रे आणि तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखाने यासाठी जवळची ठिकाणे आहेत. नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि मध्यवर्ती अंडी उबवणूक केंद्र आहे.

बर्ड फ्लूची भीती आता दूरची राहिलेली नाही. देशातील पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी 2006 मध्ये नवापुरात झाला; जानेवारी 2025 मध्ये ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथे कोंबड्यांत तो आढळला. त्याच्या थोडे आधी, डिसेंबर 2024 मध्ये, चंद्रपूरहून नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात नेलेले वाघ याच विषाणूने दगावले होते. वाघांच्या या मुलखात मेलेली कोंबडी जंगलाच्या कडेला फेकणे किती धोक्याचे आहे ते यावरून कळावे. ती खोल पुरून वर चुना टाकावा आणि दवाखान्याला कळवावे. रोग निश्चित झाल्यावर बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतील सर्व कोंबड्या नष्ट केल्या जातात. पक्ष्यामागे भरपाई मिळते, निवडून राखलेल्या वाणाची मिळत नाही. त्यामुळे चांगल्या नराची दोन-तीन पिल्ले दुसऱ्या गावातील नात्यातल्या घरी, निदान दहा किलोमीटर पलीकडे, आधीच देऊन ठेवावीत.